शॉर्ट शिफ्टर: आधी बुश, मग दांडा

गाडीवर हौसेनं होणाऱ्या खर्चांत शॉर्ट शिफ्टर हा सगळ्यात लपून राहणारा. सायलेन्सर बदलला की अख्ख्या सोसायटीला कळतं, चाकं बदलली की घरच्यांना कळतं आणि बोनेटखाली काही केलं तर निदान मेकॅनिक चार जणांना सांगतो. गिअरचा दांडा आखूड केला तर ते फक्त चालवणाऱ्याच्या हाताला कळतं, तेही पहिल्याच चौकात. टर्बोच्या तुलनेत खर्च किरकोळ, परिणाम लगेच. म्हणूनच मॅन्युअल गाड्या जिथे हौसेनं चालवल्या जातात तिथे गेली कित्येक वर्षं हा सुटा भाग विकला जातो आहे.

त्याच्याविषयीची मतं मात्र दोन टोकांची. एक गट म्हणतो, हा बसवला आणि गाडीच बदलून गेली. दुसरा म्हणतो, गिअरबॉक्सची वाट लावायची असेल तर खुशाल बसवा. दोन्हीकडे थोडंथोडं तथ्य आहे. पण माझं म्हणणं या दोघांच्याही आधी सुरू होतं. "गिअर लांब पडतो, खुळखुळा झालाय" अशी तक्रार घेऊन जी माणसं शॉर्ट शिफ्टर शोधायला निघतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या गाडीत दांड्याचा काही दोष नसतो. बुश, म्हणजे सांध्यांमधल्या रबराच्या किंवा प्लास्टिकच्या कड्या, गेलेले असतात.

आधी दांड्याचं गणित पाहू. मोठा दगड हलवायला पहार लावतात तसाच हा प्रकार आहे. मध्ये टेकू, वर लांब बाजू, खाली आखूड बाजू. टेकूच्या जागी एक गोळा असतो, प्लास्टिकच्या वाटीत बसवलेला. समजा, गोळ्यापासून मुठीपर्यंत २४० मिलिमीटर आहेत आणि गोळ्यापासून खालच्या टोकापर्यंत ४० मिलिमीटर. म्हणजे प्रमाण सहास एक. गिअर पडायला खालचं टोक १० मिलिमीटर सरकायला हवं असेल तर वरची मूठ ६० मिलिमीटर सरकवावी लागते. आता खालची बाजू ५० मिलिमीटर केली तर प्रमाण ४.८ होतं आणि मूठ ४८ मिलिमीटरच सरकते. म्हणजे थ्रो, मुठीचा हा प्रवास, २० टक्क्यांनी कमी झाला. पण त्याच वेळी हाताला लागणारा जोर २५ टक्क्यांनी वाढला. थ्रो निम्मा केला तर जोर सरळ दुप्पट. पॅकिंगवर यातला पहिला आकडा ठळक छापलेला असतो, दुसरा शोधूनही सापडत नाही.

थ्रो कमी करायचा दुसरा मार्ग म्हणजे वरूनच दांडा कापणं. वरच्या उदाहरणात २४०चे २०० केले की प्रमाण पाचवर येतं. हा सगळ्यात स्वस्त इलाज, हॅकसॉ आणि आटे पाडायची डाय एवढ्यावर भागतो. पण मूठ चार सेंटिमीटर खाली जाते आणि दर वेळी हात तेवढा खाली न्यावा लागतो. स्टिअरिंगपासून मुठीपर्यंतचं अंतर वाढलं तर दांडा आखूड करून वाचवलेला वेळ तिथेच खर्ची पडतो. होंडानं २००१ सालच्या सिव्हिकमध्ये नेमकं उलट केलं होतं. दांडा थेट डॅशबोर्डवर, स्टिअरिंगच्या शेजारी आणून ठेवला. दिसायला विचित्र, पण हाताला सोयीचा.

मग कंपन्या मुळातच थ्रो आखूड का ठेवत नाहीत? कारण त्यांना एकाच गाडीत सगळ्यांना बसवायचं असतं. कडाक्याच्या थंडीत गिअर ऑइल घट्ट झालेलं असताना, नवशिक्याच्या हातानंही, दोन बोटांनी गिअर पडला पाहिजे. आपल्या जुन्या लाल एसटीचा तो लांबलचक दांडा आठवा. तो लांब होता म्हणून तर तेवढ्या जड गिअरबॉक्सशी माणसाचा हात दिवसभर झुंजू शकत होता. लांब दांडा ही कंपनीची कंजुषी नसते, हे एकदा मान्य केलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

आता गिअरबॉक्सच्या आत. खरा वाद तिथेच आहे.

गिअर टाकतो तेव्हा आपण दातेरी चाकं एकमेकांत घालत नाही. ती कायम एकमेकांत असतातच. आपण सरकवतो ती एक स्लीव्ह. ती शाफ्टबरोबर फिरत असते आणि पुढच्या गिअरला पकडायला जाते. दोघांचा वेग वेगळा असेल तर दात आपटणार, कर्र आवाज येणार. हे टाळण्यासाठी मध्ये पितळेची एक रिंग असते. स्लीव्ह ढकलली की ही रिंग गिअरच्या निमुळत्या कोनावर घासते, घासून दोघांचा वेग एक करते आणि तोवर स्वतःच्या दातांनी स्लीव्हला अडवून धरते. वेग जुळला की अडसर सुटतो आणि गिअर खटकन पडतो. या व्यवस्थेला सिंक्रोमेश म्हणतात. १९२८ मध्ये कॅडिलॅकनं ती पहिल्यांदा गाडीत आणली. त्याआधी सगळ्यांनाच डबल क्लच मारावा लागे आणि आपल्याकडच्या जुन्या ट्रकवाल्यांच्या पायातून ती सवय नंतरही बरीच वर्षं गेली नव्हती.

या रिंगेला तिचं काम करायला वेळ लागतो. तो वेळ ठरतो वेगातल्या फरकावर, तेलाच्या घट्टपणावर आणि स्लीव्ह किती जोरानं दाबली जाते यावर. दांडा आखूड केल्यानं यातलं काहीही आपोआप सुधारत नाही. स्लीव्ह पूर्वी जितके मिलिमीटर सरकत होती तितकीच सरकते. बदलतं ते एवढंच की हात लवकर तिथे पोचतो आणि रिंगेच्या दाराशी थांबतो. थांबणारा हात शहाणा असेल तर काही बिघडत नाही. पण शॉर्ट शिफ्टर बसवणारा माणूस थांबण्यासाठी तो बसवत नसतो. तो जोर लावतो. एका गिअरला एकदा लावला तर रिंग सहन करते, रोज शंभर वेळा लावला तर ती झिजते.

म्हणून "शॉर्ट शिफ्टरनं सिंक्रो खाल्ले" हे वाक्य मला अर्धवट वाटतं. उलट हातानं पूर्वीइतकाच जोर लावला तर आखूड दांड्यातून स्लीव्हवर कमी दाब जातो, कारण पहारीचा फायदा कमी झालेला असतो. चालत्या गाडीत गिअरच्या मुठीवर हात टाकून बसायची सवय आपल्यातल्या बहुतेकांना आहे. त्या हाताच्या वजनानं गिअरबॉक्समधला स्लीव्ह सरकवणारा फोर्क तिच्यावर सतत दाबला जातो आणि झिजतो. गंमत अशी की या एका वाईट सवयीत आखूड दांडा लांब दांड्यापेक्षा कमी नुकसान करतो. सिंक्रो खाणारा चालवणारा असतो. शॉर्ट शिफ्टर फक्त त्याला चिथावणी देतो.

सगळ्यात आधी जातो तो बहुधा दुसऱ्या गिअरचा सिंक्रो. पहिल्या-दुसऱ्यातलं आणि दुसऱ्या-तिसऱ्यातलं अंतर मोठं, त्यामुळे वेग जुळवायचं काम जास्त. घाटात उतारावर तिसऱ्यातून दुसऱ्यावर येताना हे काम सगळ्यात जड पडतं. वरंधा किंवा आंबोली उतरताना न्यूट्रलमध्ये क्लच सोडून ॲक्सिलरेटरला हलकी टिचकी देऊन इंजिनचा वेग वाढवायचा आणि मग पुन्हा क्लच दाबून दुसरा टाकायचा. दांडा लांब असो की आखूड, गिअर अलगद पडतो. ही सवय फुकट आहे आणि शॉर्ट शिफ्टरपेक्षा तिचा फायदा जास्त आहे.

बसवण्याचं काम गाडीगाडीनुसार फार वेगळं पडतं, त्यामुळे "किती वेळ लागतो" या प्रश्नाला एक उत्तर नाही. तीन तऱ्हा लक्षात ठेवल्या तर पुरे.

पहिली तऱ्हा सगळ्यात सोपी: दांडा थेट गिअरबॉक्समध्येच उतरतो. माझ्दा एमएक्स-५ हे तिचं नमुनेदार उदाहरण. १९८९ मध्ये आलेली ही छोटी, उघडी, मागची चाकं फिरवणारी दोन माणसांची गाडी. सगळं काम वरूनच होतं. मूठ फिरवून काढायची, कन्सोल उचलायचा, काच खाली-वर करायच्या बटणांच्या वायरी सोडवायच्या. त्याखाली रबरी बूट, त्याखाली आणखी एक बूट. चार-दोन बोल्ट सोडले की दांडा तेलानं माखलेला वर येतो. खालच्या टोकाला नायलॉनची एक छोटी टोपी असते. जुन्या गाडीत ती चुरा झालेली सापडते. खालचा बूट फाटलेला असेल तर गिअरबॉक्सची धग आणि तेलाचा वास केबिनमध्ये येत असतो आणि मालक बिचारा एसीला दोष देत असतो. ही टोपी आणि बूट बदलून, थोडं ताजं गिअर ऑइल घालून मूळचाच दांडा परत बसवला, तरी अनेकांना वाटतं की शॉर्ट शिफ्टर बसला. या गाडीचा मूळ थ्रोच इतका नेटका आहे की त्याला आणखी आखूड करण्याची गरज मला कधी पटलेली नाही.

दुसरी तऱ्हा बीएमडब्ल्यूच्या जुन्या थ्री सिरीजची, म्हणजे ई-३० आणि ई-३६ची. इथे दांडा गिअरबॉक्सच्या मागे एका आडव्या आधारावर टेकलेला असतो आणि त्याच्या खालच्या टोकापासून एक सळई पुढे गिअरबॉक्सपर्यंत जाते. म्हणजे झिजायला जागाच जागा: गोळ्याची वाटी, आधाराचं मागचं रबरी बुश, पुढचं बुश, सळईच्या दोन्ही टोकांच्या प्लास्टिकच्या वॉशर, गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेला सांधा. प्रत्येक जागी अर्धा मिलिमीटर सैलपणा आला तरी मुठीपाशी तो सहापट होऊन पोचतो. न्यूट्रलमध्ये दांडा बोटभर इकडेतिकडे हलतो, आणि मालकाची खात्री पटते की थ्रो फार लांब आहे.

या गाडीवर काम करायचं तर सुरुवातच जपून करावी लागते. मूठ आट्यांची नसते, ती सरळ वर ओढून काढायची असते आणि घट्ट बसलेली असते. दोन्ही हातांनी जोर लावताना तोंड वर असेल तर ती सुटून थेट नाकावर येते. या गाडीवर काम करणाऱ्यांत हा प्रसाद बऱ्याच जणांना मिळालेला आहे. तोंड बाजूला ठेवायचं. पुढे लेदरचा बूट, फोम, मग रबरी बूट. इथून पुढचं काम खालून. गाडी रॅम्पवर किंवा भक्कम स्टँडवर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये, हे पुन्हा लिहावं लागतं. एक्झॉस्ट खाली उतरवायचा, उष्णतारोधक पत्रा काढायचा. मग दिसतो दांड्याचा गोळा आणि त्याला धरून ठेवणारी प्लास्टिकची कडी. ती खालून पाव फेरा फिरवली की सुटते. सळईची क्लिप आणि पिवळ्या वॉशर काढल्या की दांडा वरून निघतो. क्लिप उडून कुठेतरी जाते, म्हणून नवी आधीच आणून ठेवायची.

या मंडळींनी शोधलेली युक्ती मला सगळ्या शॉर्ट शिफ्टरांमध्ये जास्त आवडते. झेड-३ या बीएमडब्ल्यूच्याच छोट्या स्पोर्ट्स गाडीचा, १.९ लिटर इंजिनाच्या आवृत्तीचा दांडा ई-३० आणि ई-३६मध्ये चपखल बसतो. त्याची खालची बाजू लांब आहे, त्यामुळे थ्रो कमी होतो. कंपनीनंच बनवलेला, रबरानं आवाज अडवणारा, जोरही बेतातच वाढवणारा. बाहेरच्या किटपेक्षा कमी पैशांत मिळाला आणि वर्षानुवर्षं टिकला. एकच काळजी घ्यायची. खालची बाजू लांब झाली की सळई खाली येते आणि काही गाड्यांत ड्राइव्हशाफ्टला किंवा त्याच्या रबरी कपलिंगला घासायला लागते. सगळे गिअर टाकून, खालून टॉर्चनं बघून, मगच पत्रा आणि एक्झॉस्ट परत चढवायचा. हे न केल्यानं दोनदा खोलावं लागलेल्या गाड्या काही कमी नाहीत.

तिसरी तऱ्हा केबलची. आज आपल्या रस्त्यांवरच्या पुढची चाकं फिरवणाऱ्या बहुतेक गाड्या याच जातीच्या. दांड्यापासून दोन केबल निघतात. एक गिअर पुढे-मागे टाकते, दुसरी डावी-उजवी ओळ निवडते. दोन्ही जाऊन गिअरबॉक्सवरच्या दोन छोट्या हातांना जोडलेल्या असतात. इथे एक सोय आहे. पुढे-मागेचा थ्रो आखूड करून ओळींमधलं अंतर होतं तसं ठेवता येतं. थेट दांड्यात टेकू वर उचलला तर दोन्ही दिशांचं अंतर एकदम घटतं. केबलमध्ये तसं होत नाही.

चौथ्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फमध्ये शॉर्ट शिफ्टर बहुधा केबिनमध्ये बसत नाहीच, तो बोनेटखाली बसतो. गिअरबॉक्सवरच्या हाताची लांबी कमी केली की केबल तेवढीच सरकूनही शाफ्ट जास्त फिरतो. त्याच प्लॅटफॉर्मवरची पहिली स्कोडा ऑक्टाव्हिया २००१ पासून आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळत होती, त्यामुळे हा विषय औरंगाबादकरांना परका नाही. या हाताला लोखंडाचा एक जड गोळा जोडलेला असतो. तो शोभेचा नाही. गिअर सरकू लागला की या वजनाचा झोक त्याला सिंक्रोच्या अडसरातून पुढे नेतो. काही स्वस्त किटमध्ये हे वजनच गायब असतं. थ्रो आखूड होतो आणि गिअर रवाळ, अडखळत पडू लागतो. किट घेताना लांबीआधी वजन पाहावं.

केबलच्या गाडीत खरी कसोटी बसवल्यानंतरच्या जुळवणीची. गोल्फ आणि ऑक्टाव्हियात पद्धत ठरलेली आहे. गिअरबॉक्सवरचा शाफ्ट दाबून लॉक करायचा, केबिनमध्ये दांडा डाव्या ओळीत न्यूट्रलला ठेवून त्याच्या भोकात पिन घालायची, मग केबलवरच्या स्प्रिंगच्या कॉलर सोडायच्या. कॉलर स्वतःच योग्य जागी बसतात. लॉक सोडून पिन काढायची आणि इंजिन बंद असताना सगळे गिअर, रिव्हर्ससकट, टाकून बघायचे. हे सगळं मिळून चहा पिण्याइतका वेळ लागतो. तरीही पिन न लावता "अंदाजानं" जुळवणी करणारे कारागीर भेटतात. मग पाचवा अर्धाच पडतो किंवा रिव्हर्स टाकायला दोन प्रयत्न लागतात आणि शिव्या शॉर्ट शिफ्टरला बसतात.

अमेरिकेत या धंद्याचं मूळ वेगळ्या गरजेत आहे. तिथे पन्नाशीच्या दशकात गिअर स्टिअरिंगच्या खाली असायचा. तो खाली जमिनीवर आणून द्यायची किट हर्स्टसारख्या कंपन्या विकू लागल्या आणि १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओमध्ये हर्स्टचा दांडा कंपनीकडूनच येऊ लागला. मुंबईकरांना स्टिअरिंगखालच्या गिअरचं कौतुक सांगायला नको. प्रीमियर पद्मिनीचा तो गिअर, त्याच्या सांध्यांचे घासलेले बुश, मध्येच दोन ओळींमध्ये अडकलेला गिअर आणि बोनेट उघडून सळ्या हातानं सोडवणारा टॅक्सीवाला. २० वर्षांची मुदत संपल्यावर शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. अडकणाऱ्या गिअरवर तेव्हाही इलाज एकच होता: बुश बदला.

फोर्ड मस्टँगवाल्यांनी मात्र एक महत्त्वाची गोष्ट शिकवली. १९८३ पासून तिच्यात टी-५ नावाचा पाच गिअरचा बॉक्स होता आणि तिसरा गिअर जोरात ठोकणाऱ्यांच्या हातून त्याचे फोर्क वाकत. म्हणून बाहेरच्या चांगल्या शिफ्टरमध्ये पुढे-मागे दोन स्टॉप बोल्ट आले. गिअर पूर्ण पडला की दांडा बोल्टला टेकतो आणि हाताचा उरलेला जोर फोर्कवर न जाता बोल्टवर जातो. हे बोल्ट नीट लावले तर शॉर्ट शिफ्टर गिअरबॉक्सचं रक्षण करतो. चुकीचे लावले तर गिअर पूर्ण पडायच्या आधीच दांडा अडतो आणि चढावर गिअर सुटून न्यूट्रलला येतो. बोल्ट कसायचा तो गिअर पूर्ण पडलेला असताना, दांडा टेकवून, किंचित जागा सोडून.

एका धोक्याबद्दल मी जास्त कडक आहे. दोन ओळींमधलं अंतर घटलं की घाईत चुकीची ओळ लागण्याची शक्यता वाढते. एमएक्स-५च्या पाच गिअरच्या बॉक्समध्ये दुसऱ्याचं प्रमाण १.८८८ आणि तिसऱ्याचं १.३३०. तिसऱ्यात ६५०० आरपीएमला पोचून चौथा टाकायचा होता आणि पडला दुसरा, तर क्लच सोडल्यावर इंजिन ९२०० आरपीएमच्या वर फिरवलं जातं. इथे रेव्ह लिमिटरचा काही उपयोग नसतो. तो फक्त इंधन तोडतो, आणि इंजिन तर चाकं फिरवत असतात. अनेक इंजिनांत मग व्हॉल्व्ह पिस्टनला भेटू शकतात. शॉर्ट शिफ्टर बसवल्यावर पहिले काही दिवस रिकाम्या रस्त्यावर, हाताला नवी अंतरं कळेपर्यंत, सावकाश चालवणं यासाठीच.

बुशांच्या मालाबद्दल थोडं. मूळ बुश रबराचे किंवा मऊ प्लास्टिकचे असतात, कारण त्यांना गिअरबॉक्सची थरथर केबिनबाहेर ठेवायची असते. हौशी माणूस एकदम धातूचे बुश बसवतो. गिअर बंदुकीच्या घोड्यासारखा होतो खरा, पण पन्नासच्या पुढे दांडा गुणगुणायला लागतो, आणि लांबच्या प्रवासात ते गुणगुणणं डोक्यात जातं. रोजच्या गाडीत डेलरिन किंवा पॉलियुरेथेन हा मधला मार्ग बरा. सुबारूच्या डब्ल्यूआरएक्ससारख्या गाड्यांत नुसते सांध्याचे बुश बदलून, दांड्याला हात न लावता, फरक इतका पडतो की पुढचा खर्च टळतो.

जड मुठीचंही तसंच. हातात बसणारी, वजनदार मूठ गिअरला झोक देते आणि थ्रो न बदलता गिअर अधिक सरळ पडतो असं वाटतं. पण नुसत्या ॲल्युमिनियमची किंवा स्टीलची मूठ घेऊन मे महिन्यात नागपुरात दुपारी गाडी उन्हात लावून बघा. परत आल्यावर पहिला गिअर रुमालानं टाकावा लागेल.

शॉर्ट शिफ्टरकडे वळण्याआधी आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. क्लच पूर्ण सुटतोय का, आणि गिअर ऑइल कोणतं आहे. क्लचच्या लाइनमध्ये हवा असेल किंवा केबल ताणली गेली असेल तर गिअर जड पडणारच, मग दांडा कितीही चांगला असो. आणि मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलेलं असताना "भारी आहे" म्हणून जीएल-५ ओतणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्यातली रसायनं डिफरन्शियलच्या दात्यांसाठी असतात. पितळेच्या रिंगेला घर्षण हवं असतं, तिथे ती मानवत नाहीत.

आपल्याकडे अडचण किटच्या उपलब्धतेची आहे. आपल्या रोजच्या गाड्यांसाठी तयार शॉर्ट शिफ्टर फारसा मिळत नाही. मग दोन वाटा उरतात. पहिली, बाहेरून मागवणं. यात फोटो बघून मागवू नये. गिअरबॉक्सचा कोड आणि चासी नंबर जुळवावा, आणि डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचं किट आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीला चालेल का, हे आधी विचारावं. दुसरी वाट लेथवाल्याची. भोसरीत किंवा कुठल्याही एमआयडीसीत नमुना दाखवला की दांडा बनवून देणारे कसबी टर्नर आहेत, आणि केबलच्या गाडीचा गिअरबॉक्सवरचा हात एका तुकड्यातून बनवून घेतला तर ते काम उत्तमही होतं. माझा विरोध आहे तो मूळ दांडा कापून मध्ये तुकडा वेल्ड करण्याला. गोळ्याजवळ वेल्ड केलं की प्लास्टिकची वाटी उष्णतेनं गेलीच समजा, आणि तो सांधा जोर खाऊन खाऊन एके दिवशी मुठीसकट हातात येतो. तो दिवस बहुधा ओव्हरटेकचाच असतो.

कायद्याचंही पाहून ठेवावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील मूळ गाडीपेक्षा वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हे कडकपणे अधोरेखित केलं. २०१९ च्याच दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. गिअरच्या दांड्याची लांबी आरसीवर लिहिलेली नसते, त्यामुळे रस्त्यावर कोणी अडवण्याची शक्यता नगण्य. वॉरंटीची गोष्ट वेगळी. गिअरबॉक्समध्ये काही बिघडलं आणि सर्व्हिस सेंटरला बाहेरचा दांडा सापडला, तर दावा नाकारायला त्यांना ते कारण पुरतं. वॉरंटीतल्या गाडीला हात न लावलेला बरा.

मग बसवावा कोणी? ज्याची गाडी मागची चाकं फिरवणारी किंवा मुळातच चालवण्याच्या मजेसाठी घेतलेली आहे, जो गिअर बदलताना इंजिनचा वेग जुळवतो आणि ज्यानं बुश बदलूनही थ्रो लांब वाटतो याची खात्री करून घेतली आहे, त्यानं. त्यानंही थ्रो २० ते २५ टक्क्यांपर्यंतच कमी करावा. निम्मा करणाऱ्या किटचं स्थान ट्रॅकवर. ठाणे ते अंधेरी रोज पहिला-दुसरा-पहिला करणाऱ्यानं या भानगडीत पडू नये, संध्याकाळी मनगट सांगेल. २०१४ मध्ये सेलेरिओनं स्वस्तात एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा बॉक्स, आणल्यापासून अशा माणसासाठी खरा शॉर्ट शिफ्टर तोच आहे.

आणि बसवलाच, तर काढलेला मूळ दांडा भंगारात देऊ नका. पुसून, तेलाचा हात फिरवून, नव्या क्लिपसकट कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना पुढचा मालक तो नक्की मागतो.